हात पोचत नाही तिथे

भाट्ये
शनिवार, २१ फेब्रुवारी
तिसरा रोजा

तूबा,

कागदाच्या माथ्यावर सातशे शह्याऐंशी लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. तू हे न वाचता फाडशील अशी मला निम्मी खात्री आहे. वर पाक आकडा असला तर फाडण्याचा गुनाह तुझ्या नावावर चढेल, आणि तो माझ्यामुळे नको. बघ, तू बोलत नाहीस तरी तुझी आपा तुझ्या आखिरतची काळजी घेते.

फोन तू बंद करून ठेवलायस. तुझ्या नवऱ्याला लावला तर नबील दर वेळी ‘ती बाथरूममध्ये आहे’ म्हणतो. गरीब माणूस आहे, त्याला दुसरी थाप सुचत नाही. पण बाय गो, सहा-सहा महिने कोण बाथरूममध्ये बसतं? म्हणून शेवटी पोस्ट. सावर्ड्याला तुझ्या दारात आले असते, पण मागच्या खेपेला आले तेव्हा तू चहा दिलास आणि अब्बांचं नाव निघताच धुतलेली किटली पुन्हा घासायला उठलीस. तेवढं पुरे झालं मला.

मी भांडायला लिहीत नाही. तू कुवेतच्या मोठ्या दवाखान्यात इतकी वर्षं नर्स होतीस, आता सावर्ड्यातही तेच करतेस. माझा एक नर्सिंगचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दे आणि बाकी काही लिहू नकोस, चालेल.

अब्बांना पोटाचा कॅन्सर आहे. नबीलला मी सांगितलं होतं, त्याने तुला सांगितलं असेल. ऑपरेशनची वेळ गेली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता त्यांना दुखू द्यायचं नाही, एवढंच काम उरलंय, आणि ते माझ्याकडे आलंय. दुखण्यावर एक पातळ औषध आहे, कडूजहर. दर चार तासांनी तोंडाने द्यायचं. घेतलं की कळ निवते, कपाळ सैल पडतं. आणि अब्बा रोजे धरून बसलेत.

सगळ्यांनी सांगून झालं. आजाऱ्याला रोजा माफ आहे, हे त्यांनीच आपल्याला लहानपणी शिकवलं. पण म्हणतात, “मी आजारी कुठे हाय? मी म्हातारा हाय.” सहरीला एक चमचा घेतात, मग थेट मगरीबला. मधला सगळा दिवस पडवीतल्या खुर्चीत बसून असतात, खुर्चीचा हात धरून. ओरडत नाहीत. सारंग म्हणून आयुष्य काढलेला माणूस, बोटीवर दुसऱ्यांना ओरडायची सवय, स्वतःसाठी ओरडणं जमत नाही त्यांना. मला ते बघवत नाही, तूबा. सरळ सांगते, मला बघवत नाही.

काल जुम्म्यानंतर पेशइमामसाहेब आले. तेही म्हणाले, तुमच्यावर रोजा फर्ज नाही, रोज्याच्या बदली गरिबाला फिदिया द्या आणि औषध घ्या. अब्बांनी ऐकून घेतलं आणि उलटच विचारलं, तोंडाने नाही, तर दुसऱ्या कुठल्या वाटेने औषध पोटात गेलं तर रोजा राहतो? मग काय, इमामसाहेब मांडी घालून बसले. आपल्या शाफई पंथात उघड्या वाटा मोजतात म्हणाले. तोंड उघडी वाट, नाक उघडी वाट, कानही उघडी वाट, म्हणून कानात थेंब घातले तरी रोजा गेला. डोळ्यांत चालतात. सुई चालते, फक्त ताकदीची नको. मग त्यांनी आढ्याकडे बघत आणखी एका वाटेचं नाव घेतलं, जिथून बायका लहान मुलांना तापाची गोळी देतात. ती चालत नाही म्हणाले. अब्बा लालबुंद झाले. म्हणाले, चालत असती तरी मी चालू दिली नसती.

सुईचं मी मनात धरलं होतं. पण दर चार तासांनी सुई टोचायची कुणी? टोचणारी या घरात होती, ती सावर्ड्याला गेली.

ते दोघे बोलत होते आणि मी रोज्याच्या गुंगीत दाराला टेकून बसले होते. मला आमच्या नारळ केंद्रातले माड दिसत होते. माडाला तोंड नाही ना, म्हणून आम्ही माती उकरून एक जिवंत मूळ शोधतो, ते तिरकं कापतो आणि औषधाची पिशवी त्याला बांधून टाकतो. दुसऱ्या दिवशी पिशवी रिकामी. औषध त्या उंच शेंड्यापर्यंत चढलेलं असतं, कुणाला दिसत नाही. ‘एक पोरगी नर्स, एक नर्सरीत,’ अम्मी म्हणायची आणि स्वतःच हसायची. मला वाटत होतं, माणसालाही कुठेतरी एखादं मूळ असणार, आपल्याला उकरता येत नाही.

अम्मीच्या वेळचं मी विसरलेली नाही. तू कुवेतहून निघालीस, मुंबईला उतरलीस, आणि विमानतळावर बॅगेची वाट बघत असताना तुला कळलं की दफन झालं. अब्बांनी थांबायला नकार दिला. मयताला थांबवलं की त्याला त्रास होतो, असं ते तेव्हा म्हणाले आणि आजही तेच म्हणतात. तुला अम्मीचा चेहरा बघायला मिळाला नाही. ते चुकले असं मला म्हणवत नाही आणि तू चुकलीस असंही म्हणवत नाही, म्हणून मी दोघांची नावडती.

असो. प्रश्न एवढाच. तोंड सोडून औषधाला दुसरी वाट आहे का?

खुर्शीद

*

भाट्ये
रविवार, १ मार्च

तूबा,

तुझं आंतर्देशीय मिळालं. ना सलाम ना आपा, पहिलाच शब्द ‘चिकटपट्टी’. मी ते तीनदा वाचलं. कातडीवर लावायची पट्टी मिळते, औषध कातडीतून झिरपतं, डॉक्टरांना विचार. केस नसलेली जागा बघ. साबण लावू नकोस, साध्या पाण्याने पूस. वरून शेक अजिबात नको. तीन दिवसांनी बदलायची, जुनी दुमडून टाकायची, मांजराच्या तोंडी लागता कामा नये. आणि खाली सहीच्या जागी नुसतं ‘तू’. मी बराच वेळ तिथेच अडकले, की हा तू म्हणजे तूबा, का तू म्हणजे मी.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे मीच सांगणार होते. मी म्हटलं, मग सांगायचंत की. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. इमामसाहेबांना पुलावर गाठलं, रिक्षातूनच विचारलं. कातडी ही वाट नाही म्हणाले, तेल चोळतो तसंच ते. रोज्याला काही होत नाही. तर अशी तुझी पट्टी दीन आणि दुनिया दोन्हीकडून पास झाली.

गुरुवारी लावली, छातीवर, उजवीकडे. एवढीशी पारदर्शक, काचेवर पाण्याचा डाग पडावा तशी. अब्बांनी बोट लावून बघितलं आणि म्हणाले, ही काय करणार? पहिला दिवस खरंच काही झालं नाही, मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर खुर्चीच्या हातावरची त्यांची मूठ सुटलेली. बोटं मोकळी. मी पदराने तोंड झाकून रडले, तूबा. किती दिवसांनी ते हात नुसते ठेवलेले दिसले.

तेव्हापासून घरात बोट शिरली आहे. कशी सांगू? ते झोपतात, पण पुरते झोपत नाहीत. डोळे मिटून बोलतात. परवा एडनहून निघाले होते. म्हणाले, समुद्रावर भाताचं पीक उभं हाय, लोंब्या आलेल्या, बोट त्यातून हळू जाते आणि काही मोडत नाही. काल अम्मी डेकवर बसून सांदणं वाफवत होती आणि त्या वाफेत समोरची बोट दिसेना, म्हणून यांनी भोंगा वाजवायला सांगितला. मला सांगितला. मी काय करणार, तोंडाने वाजवला. दमयंतीवहिनी कुंपणावरून बघत राहिल्या.

दुपारी जोहरनंतर भाट्याचा वारा पडतो. सुरूच्या झाडांचा आवाजही येत नाही. तहान लागलेली असते, पण ती अशी लांब कुठेतरी, दुसऱ्या कुणाला लागल्यासारखी. मी त्यांच्या पायाशी चटईवर पडते आणि माझाही डोळा लागतो. आज जागी झाले तर अब्बा माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, तू पण होतीस गो बोटीत, पण तुला काम नव्हतं. मी म्हटलं, एकदा तरी. खरं सांगते, इतकं गोड वाटलं. मला कुणी कधी काम नसलेलं बघितलंच नाही.

दमयंतीवहिनींनी मिठाची पुरचुंडी तापवून आणली होती, पोट शेकायला. तुझा हुकूम आठवला आणि मी ती दारातूनच परत पाठवली. रुसल्यात. त्यांना पट्टीचं समजावायला गेले, शेकाने औषध एकदम आत शिरतं वगैरे, तर म्हणाल्या, आता मिठालाही डॉक्टरची चिठ्ठी लागते का?

एक सांगायचं राहिलं, सांगू का नको असं झालंय. झोपेत ते विचारतात, तूबाची बोट कधी लागते. मी म्हटलं, अब्बा, ती सावर्ड्याला आहे, हायवेवर, तिथे बंदर नाही. तर म्हणाले, होईल.

हे नर्सिंगचं नाही, कळतं मला. तरी लिहिलं.

खुर्शीद

*

भाट्ये
शनिवार, ७ मार्च

तूबा,

पुन्हा दुखतंय. म्हणजे बुधवारपासून दुखत होतं आणि मला कळलं नाही, कारण चेहरा सरळ ठेवून बसायची त्यांना सवय. गुरुवारी नमाजला पायावर उभं राहता येईना तेव्हा मी सदऱ्याची बटणं काढली. छातीवर पट्टी नाही. नुसती चौकोनी जागा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा उजळ.

घामाने पडली असेल म्हणून नवी लावली. वर कापडाची चिकटपट्टीही मारली. काल संध्याकाळी बघते तर तीही नाही. मी अंथरूण झटकलं, खुर्चीखाली वाकले, मांजराच्या मागे परसभर फिरले, तिचं तोंड उघडून बघितलं, तिने मला ओरबाडलं. शेवटी रडकुंडीला येऊन परसातल्या माडाला टेकले तर हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं.

माडावर, तूबा. दोन्ही पट्ट्या माडावर. सकाळची उन्हं खायला त्यांची खुर्ची मी माडाखाली ठेवते ना, तिथून हात पोचतो तेवढ्या उंचीवर, एकीशेजारी एक, अंगठ्याने दाबून चपट्या बसवलेल्या. वर कापडाची चिकटपट्टी मारली होती तीही तशीच मारलेली. माझ्यापेक्षा नीट.

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी विचारलं, हे काय आहे? तर अगदी गंभीर तोंड करून म्हणतात, “तू माडाला मुळातून पाजतेस. मी खोडातून देऊन बघतोय, लागू पडतं काय.” मी म्हटलं, माडाला काय दुखतंय? म्हणाले, तो सांगत नाय म्हणून दुखत नाय, असं कसं?

मी दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या, दुमडल्या, तू सांगितलंस तशा टाकल्या. साबणाने नको, पाण्याने हात धुतले. डॉक्टरीणबाई फोनवर रागावल्या. वाया गेल्याबद्दल नाही, शेजारच्या पोराने सोलून चाटली असती तर काय झालं असतं, असं म्हणाल्या.

म्हाताऱ्या माणसांचं डोकं असं फिरतं का गं त्या औषधाने? का हे मुद्दाम करतात? ते मला कळत नाही आणि ते सांगत नाहीत. ज्याला औषध नको आहे त्याला ते कुठे लावायचं, हे तुझ्या शिक्षणात असेल तर लिही. लवकर लिही, कारण माझ्याकडे आता त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवायची ताकद नाही.

खुर्शीद

*

भाट्ये
गुरुवार, १२ मार्च

तूबा,

तुझं उत्तर आलं. ‘पाठीवर लाव. दोन खांद्यांच्या मधोमध. हात पोचत नाही तिथे.’ एवढंच. हुशार आहेस. कुवेतला किती म्हाताऱ्यांना असं फसवलंस कोण जाणे. मला आधी हे वाचून इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने वाह म्हणाले.

आता पुढचं नीट वाच. उभ्याने वाचत असशील तर बस.

काल दुपारी असरच्या आधी पट्टी घेऊन गेले. म्हटलं, अब्बा, पाठ करा. त्यांनी विचारलं नाही, कशाला. भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळले, लहान मुलासारखे. मी सदरा वर केला. पाठीची हाडं मोजता येतील अशी झालीय. मी पुसून घेतलं, पट्टीचा कागद सोलला, आणि लावणार तेवढ्यात भिंतीकडे बघतच ते म्हणाले, “तिथे हात पोचणार नाय माझा.”

मी म्हटलं, म्हणूनच.

मग म्हणाले, “ती लावलीस की मी जातो गो. तुमच्यात नसतो. आणि झोपेत कोण येऊन गेलं ते मला कळत नाय. तूबा आली तर मी जागा हवा.”

तूबा, रोजा हा बहाणा होता असं मी म्हणणार नाही, ते अल्लाला ठाऊक. पण आधी तोंडाचं औषध दिवसा नको होतं, मग पट्टी नको झाली. ती माडाला दिली. का, ते मला काल कळलं. बाहेरची माणसं येतात ती दिवसा. सावर्ड्याची गाडी आली तर दिवसा येणार. तेवढा वेळ हा माणूस दुखणं उराशी धरून खुर्चीत पाहऱ्याला बसलाय. जागं राहायची त्यांना दुसरी कुठली तऱ्हा माहीत नाही.

मी पट्टी हातात घेऊन उभी राहिले. चिकट बाजू माझ्याच बोटांना लागली. मग ती मी लावली नाही. दुमडून टाकली आणि मगरीबला तोंडाचं औषध दिलं.

मी त्यांना म्हटलं, तुम्हीच का कळवत नाही तिला, की ये? म्हणाले, कुठल्या तोंडाने? बस. माफी वगैरे नाही. तुला माहीत आहेत ते. अजूनही म्हणतात की अम्मीला थांबवलं असतं तर तिला त्रास झाला असता. पण तुझी वाट बघतात. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच खुर्चीत बसलेलं असतं, दिवसभर, माझ्यासमोर.

तर आता मी तुला विचारते, आणि हा प्रश्न नर्सिंगचा आहे की नाही ते तूच ठरव. तू येणार नसशील तर तसं लिही. मी पट्टी पाठीच्या मधोमध लावते, ते आपले भाताच्या समुद्रातून जातील आणि त्यांना काही दुखणार नाही. येणार असशील तर दिवस कळव. त्या दिवशीपर्यंत मी लावत नाही, म्हणजे ते जागे असतील, तुला ओळखतील. दुखणं सोसतील तेवढे दिवस. त्यांची तयारी आहे. माझी नाही, पण माझं कोण विचारतंय?

मला हे ठरवता येत नाही, तूबा. मी लावली तर त्यांची वाट बघणं मी संपवलं असं होईल. नाही लावली तर त्यांच्या कळा माझ्या हातच्या. मला झोप नाही. रागावून लिही, शिव्या घाल, पण या वेळी चिकटपट्टीच्या पुढचं काहीतरी लिही.

तुझी आपा

*

भाट्ये
शुक्रवार, २० मार्च

तूबा,

आता तू फोन उघडलायस, तर हे बोलूनही सांगता आलं असतं. सकाळी नंबर काढलाही. पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग दोघी गप्प बसतो. कागदावर मला कुणी अडवत नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं होतं. ‘लाव. मी गुरुवारी येते. झोपलेले असले तर असू देत, मी बसेन. त्यांना दुखवून मला जागे नकोत.’ मी ते अब्बांना वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्यांनी स्वतःच सदरा वर करायला सुरुवात केली, पाठीकडून, आणि हात अडकला, तो मी सोडवला.

कालचं तुला काय सांगायचं, तू इथेच होतीस. पण तुला जे दिसलं नाही ते सांगते.

तू आलीस तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. बुरखा न काढताच तू हात धुवायला गेलीस. आलीस आणि जुनी पट्टी काढलीस, कशी काढलीस गं, मला कातडी ओढली गेल्यासारखं दिसलंच नाही. नवी लावलीस आणि वर तळवा ठेवलास. मी विचारलं तर म्हणालीस, ऊब लागली की नीट चिकटते, अर्धा मिनिट ठेवायचा. मी खिडकीतून आत पडणाऱ्या उन्हाकडे बघत होते. ते ऊन पलंगाच्या पायावरून चढून चादरीवर आलं तरी तुझा तळवा तिथेच होता. तू डोळे मिटले होतेस. बाहेर भाट्याच्या वाळूवर लाट ओढली जाते तो आवाज येत होता, घरात दुसरा आवाज नव्हता. कुणी दार वाजवलं असतं तर मी उघडलं नसतं.

मग मी पाण्याचं भांडं उचलायला पलंगाच्या पलीकडे गेले, भिंतीच्या बाजूने. तूबा, त्यांचे डोळे उघडे होते.

गुंगीतले नव्हते. ते गुंगीत कसे दिसतात ते मला पाठ आहे. टक्क जागे होते. भिंतीकडे बघत होते आणि अंग असं ठेवलं होतं, जसं पोटावर मांजर येऊन बसलं की आपण हलत नाही. मी बघतेय हे त्यांना दिसलं. त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, गप. मी गप बसले. ते वळले असते तर तू हात काढला असतास, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. इफ्तारीला घरी पोचायचं म्हणून तू निघालीस, दारात म्हणालीस, एकदाही उठले नाहीत, चालायचंच. तुला तिथे सांगितलं असतं, पण मी त्यांना जबान दिली होती, डोळ्यांनी दिलेली असली तरी. आज त्यांनी सोडवलं. म्हणाले, आता सांग तिला.

आणखी एक सांगायला सांगितलंय. आज दुपारी मी त्यांच्या पायाशी पडले होते, रोजचीच वेळ. मला वाटलं, बोटीवर असतील. तर एकदम स्पष्ट आवाजात हाक मारली. म्हणाले, “माझ्या वेळी तूबा येईस्तोवर थांबा.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, सावर्डे दोन तासांवर आहे अब्बा, ती पोचेलच. म्हणाले, तरी थांबा. हायवेचं काम चालू हाय, गाडी अडकते. आणि ती आवरायला वेळ लावते, पहिल्यापासून.

मी उठून बसले. त्यांचा हात हातात घेतला, तो गरम होता, मोकळा होता. मी विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं, नाहीतर मी तुला हे कधी लिहू शकले नसते. म्हटलं, अब्बा, मयताला थांबवलं की त्रास होतो, असं तुम्हीच सांगत आलात.

“होतो,” म्हणाले. “होऊ दे.”

मी हो म्हटलंय. जमातीतल्या मोठ्यांनी घाई केली तर त्यांच्याशी मी भांडेन, भांडायला मी पुरेशी आहे. तू फक्त निघ.

तुझी आपा,
खुर्शीद